मिर्यामनं आईला बोलावून आणलं : तान्हं बाळ आलेल्या एका ख्रिस्ती घरातली आधीची दोघं

तिसरं बाळ जन्मलं आणि साडेतीन वर्षांचा मधला मुलगा बदलला. बाळाला चिमटे काढू लागला, रात्री अंथरूण ओलं करू लागला, अंगणवाडीचं नाव काढलं की खांबाला मिठी मारून बसू लागला. "पोरगं बिघडलं, याले वळण कसं लावायचं?" एवढ्याच प्रश्नासाठी त्या घरानं मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, निरोप धाडला होता. मुलाचं पुढं बरंचसं निभावलं. मला मात्र हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीसाठी. तिच्याबद्दल घरात कुणाची काहीच तक्रार नव्हती.

मी उपकेंद्रात परिचारिका होते. निवृत्तीनंतर मंडळीची बालशाळा आणि घरभेटी बघते. या घरी पाळकसाहेबांसोबत गेले, नंतर एकटी जात राहिले. कुटुंबाच्या संमतीनं लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. घरात मुलांना मोठी, मधला आणि बाळ असंच म्हणतात, तेच इथं वापरते.

कुटुंब

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. चार एकर कोरडवाहू, कपाशीत तुरीच्या ओळी आणि थोडं सोयाबीन. कापूस बाजारात येऊ लागला की वडील जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रात्रपाळीला जातात. आई एरवी वेचणीला जाते, स्वतःच्या शेतात आणि मजुरीनंही. आजी म्हणजे वडिलांची आई, साठी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू. गावात ख्रिस्ती घरं चारच, चर्च तालुक्याच्या गावी. या जिल्ह्यात मंडळ्या जुन्या आहेत. उमरीला मिशनचा दवाखाना झाला, आणि १९५३ ते १९८३ पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी यवतमाळलाच होती, मग ती पुण्याला गेली. आजींचे वडील मिशनच्या आवारात माळीकाम करत. रोज संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेची रीत त्यांच्यापासून चालत आलेली. जेवणं झाली की गीत, उतारा, प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. नारायण वामन टिळकांची ख्रिस्ती भजनं आजींना तोंडपाठ आहेत. उपासना चुकली तर त्यांना रात्रभर चैन पडत नाही.

बाळ ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात झालं, ऐन सोयाबीनच्या काढणीत. प्रसूती सरकारी रुग्णालयात, सुखरूप. मुलगी, वजन २ किलो ३०० ग्रॅम. अडीच किलोच्या खालचं बाळ म्हणजे कमी वजनाचं, त्याला ऊब आणि अंगावरचं दूध या दोन गोष्टी जास्त जपून द्याव्या लागतात. रुग्णालयात आईला कांगारू पद्धत शिकवली होती. टोपी आणि लंगोट एवढ्यावरच बाळाला आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून दोघांना पांघरूण. जितके जास्त तास जमेल तितकं चांगलं. घरी आल्यावर आई मन लावून तेच करत होती.

मधल्याचं काय झालं होतं

चिमटे कधी सुरू झाले एवढंच घरचे सांगत होते. मी मागचे चार महिने विचारले आणि कागदावर ओळीनं लिहिले. आईला सातवा महिना लागला तेव्हा त्याचं दूध तोडलं, छातीला कडुनिंबाचा पाला वाटून लावून. सप्टेंबरात त्याला अंगणवाडीत घातलं, म्हणजे बाळंतपणात घर मोकळं राहील. मग एका रात्री आई घरातून गेली आणि चार दिवस आलीच नाही. आली तेव्हा तिच्या छातीवर दुसरंच कुणी होतं आणि हा आजीच्या गोधडीत. सव्वा महिना आई आतल्या खोलीत. तो दाराशी आला की "बाहीर जा, बाळाले लागते", हे दिवसातून कितीदा ऐकत असेल कोण जाणे. दूध, अंथरूण, दार, सगळं एकामागोमाग बंद झालं आणि ज्याच्यामुळं झालं ते बाळ आईच्या अंगावरून हलत नव्हतं.

या वयात बहीण किंवा भाऊ आला की मुलं पुन्हा बोबडं बोलतात, कपडे ओले करतात, कडेवर घ्या म्हणतात. हे नेहमी दिसतं आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत, महिन्यांत ओसरतं. लघवीला जळजळ, ताप किंवा सारखी तहान असेल तर मात्र दवाखान्यात दाखवावं. इथं तसं काही नव्हतं.

मदत मागायची वेळ आली ती एका संध्याकाळी. उपासना चालू होती, बाळ झोळीत. मधल्याकडं तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे मुलांच्या पोळ्याचा, लाकडी बैल आहे, वीतभर लांब, चाकांचा. तो उठला, झोळीशी गेला आणि बैल आत टाकला. बाळाच्या कपाळाला लागलं, टेंगूळ आलं. वडिलांनी मांडीवरचं पवित्र शास्त्र खाली ठेवलं आणि त्याला दोन सणसणीत लगावल्या. मग आजींनी नीतिसूत्रांतलं छडीचं वचन म्हटलं आणि उपासना पुढं चालू झाली. मुलगा हुंदके देत कोपऱ्यात झोपून गेला. बाळाला दुसऱ्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घेतलं, काही इजा नव्हती.

मी नंतर बैल हातात घेऊन त्याला सहज विचारलं, हा झोळीत कसा काय गेला? तो म्हणाला, "बाळाले देला." द्यायचा होता की मारायचा होता? मला वाटतं दोन्ही. साडेतीन वर्षांच्या पोटात ही दोन्ही एकदमच असतात, आणि मोठ्यांनी त्यातलं एकच निवडून त्याच्या माथी मारू नये.

वडील वाईट माणूस नाहीत. रात्री जिनिंगमध्ये गाठी ओढायच्या, दिवसा शेत, त्यात हे. ते पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, वचनच सांगते ना, छडी आवरू नका म्हणून." पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. इफिसकरांस पत्राचा सहावा अध्याय काढला आणि चौथं वचन त्यांनाच मोठ्यानं वाचायला लावलं. बापांनी आपल्या मुलांना चिरडीस आणू नये, प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात वाढवावं. सांगणं आईला नाही, बापांना आहे. मग एवढंच विचारलं, "तो मागते काय, हे तुम्ही त्याले कधी विचारलं?" माझं मत याहून कडक आहे. लहान मुलाला मारू नये, आणि उपासनेत तर नाहीच नाही. देवाचं नाव आणि गालावरची चपराक एकाच संध्याकाळी, एकाच हातून मिळाली तर मूल ती दोन्ही जोडून लक्षात ठेवतं.

मोठीची प्रार्थना

आतापर्यंत सगळं मधल्याबद्दलच चाललं होतं. मोठी आम्हाला पाणी आणून देत होती, चुलीजवळ चहा बघत होती, बाळाचे लंगोट दोरीवरून काढून घड्या घालत होती. वय सहा. "आमची मोठी म्हंजे दुसरी मायच हाय," आजी कौतुकानं म्हणाल्या. येणारं जाणारं प्रत्येक जण तिला हेच म्हणत होतं. आजींनी तर तिला शास्त्रातली गोष्टच लावून दिली होती : मोशे बाळ होता तेव्हा त्याच्या बहिणीनं, मिर्यामनं, त्याला सांभाळलं, तशी तू.

त्या दिवशी उपासनेला मी थांबले. आजी म्हणाल्या, आज मोठी प्रार्थना करील. तिनं डोळे मिटले, हात जोडले आणि घाईघाईनं म्हणाली, "प्रभू येशू, आमचं बाळ लवकर मोठं होऊ दे, म्हंजे मी शाळेत जाईन. आमेन."

वडिलांना वाटलं पोरगी सहज बोलली. आईचा चेहरा पडला. मग विचारपूस झाली तेव्हा कळलं, दिवाळीच्या सुट्टीनंतर ती पहिलीच्या वर्गात जेमतेम अर्धे दिवस गेली होती. कुणी तिला राहा म्हटलं नव्हतं. सकाळी मधला रडायचा, आजींना दिसायचं नाही, आई बाळाला घेऊन आत, वडील रात्रपाळीहून येऊन झोपलेले. ती दप्तर खाली ठेवायची आणि राहायची. जिल्हा परिषद शाळेच्या बाईंनी दोनदा निरोप पाठवला होता. तो मोठीच्याच हाती दिला होता आणि तिनं तो कुणाला सांगितला नव्हता.

परिचारिका म्हणून मी जे शिकले त्यात मुलांच्या वागण्याचे त्रास सांगितले आहेत : चावणं, मारणं, ओलं करणं. मूल गप्पपणे मोठं होऊन बसलं तर त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. आपल्या ख्रिस्ती घरांत याला आणखी एक पदर आहे. आपण सेवा शिकवतो, दुसऱ्याचं ओझं वाहा म्हणून शिकवतो, आणि ते खरंच आहे. पण ते ओझं सहा वर्षांच्या मुलीनं आपणहून उचललं की आपण टाळ्या वाजवतो, कारण आपलं काम हलकं झालेलं असतं. मुलगा असता तर एवढं कौतुक झालं असतं का, हाही प्रश्न मी तिथं विचारला. कुणी उत्तर दिलं नाही.

म्हणून मग पवित्र शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाचा दुसरा अध्याय आम्ही सगळ्यांनी बसून पुन्हा वाचला. मिर्यामनं काय केलं? बाळ मोशेला लपवायला आईनं पेटीत घालून नदीकाठी ठेवलं होतं, आणि ती दूर उभी राहून बघत होती. फारोच्या मुलीला पेटी सापडली तेव्हा ती पुढं झाली, आणि एक दाई बोलावून आणू का म्हणाली. धावत गेली ती आपल्या आईकडं. बाळाला वाढवलं आईनं, आणि राजकन्येनं त्याबद्दल वेतनही दिलं. मुलीनं आपला निरोप पोचवला आणि तिचं काम तिथं संपलं. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी हे इतक्या वेळा वाचलं, पण पोरीकडून पाह्यलं नाही."

मी हे वाचन या प्रकरणातला खरा उपाय मानते. पुढं जे जे केलं त्यामागं हेच होतं. मुलीचं काम आईला हाक मारणं. बाकीचं मोठ्यांचं.

काय काय बदललं

सगळ्यात मोठा बदल वडिलांच्या छातीवर झाला. कांगारू पद्धत फक्त आईनंच करायची असते असा घरचा समज होता. गावातल्या आरोग्यसेविका, म्हणजे आशाताई, सातव्या दिवशी घरी आल्या होत्या, नंतर १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशीच्याही भेटी त्यांनी चुकवल्या नाहीत. दूध आईचंच, पण ऊब कुणाच्याही निरोगी अंगाची चालते, हे त्यांनी आणि मी मिळून वडिलांना समजावलं. ते आधी लाजले. आपल्याकडं पुरुषानं सदरा काढून तान्ह्या पोरीला छातीशी बांधून बसायचं म्हणजे शेजारी काय म्हणतील! पण बसले. रात्रपाळीहून आल्यावर हातपाय स्वच्छ धुऊन, चहा पिऊन, भिंतीला टेकून जागेपणी तासभर, आणि संध्याकाळी उपासनेच्या वेळी पुन्हा. जिनिंगमधला कापसाचा कचरा अंगावर असतो, म्हणून आंघोळ आधी, हे मी बजावून सांगितलं. गाढ झोप येत असेल तर बाळ छातीवर ठेवायचं नाही, हेही.

त्या एका तासात आईची मांडी मोकळी झाली. सकाळी तिनं मोठीच्या दोन वेण्या घालायच्या ठरवलं. बाळ झाल्यापासून केस आजीच ओढून बांधून देत होत्या. डोळ्याला नीट दिसत नसल्यामुळं भांग वाकडा यायचा आणि शाळेतली मुलं हसायची, हे मोठीनं तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. खोबरेल तेल, फणी, लाल रिबिनी. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण त्या वेळात तिला कुणी काही आणायला सांगायचं नाही, हा नियम. मग वडील तिला गाडीवर शाळेत सोडत आणि येऊन झोपत.

मधल्याचं अंथरूण आईजवळ आलं. जमिनीवर मोठी गादी, मधे आई, एका बाजूला बाळ आणि दुसऱ्या बाजूला तो. आजींचा विरोध होता, सव्वा महिना पुरा व्हायचा होता. त्यांना मी बाळंतिणीच्या विश्रांतीचं महत्त्व नाकारलं नाही. शेक, डिंकाचे लाडू, गरम भाकर, सगळं चालू ठेवा म्हटलं, फक्त दार बंद ठेवू नका. बाळाला मधाचं बोट मात्र लावू दिलं नाही. एक वर्षाच्या आत मध द्यायचा नाही आणि सहा महिने दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही.

बाळ दूध पीत असताना मधल्याला हाकलायचं नाही, पाठीला टेकून बसू द्यायचं. बाळ आणि तो दोघंच खोलीत राहणार नाहीत याची जबाबदारी मोठ्या माणसाची, मोठीची नाही. हात उगारला तर हात धरायचा आणि थोडक्यात सांगायचं, "बाळाला दुखते. राग आला तर मले सांग." व्याख्यान नाही, वचन नाही, मार नाही. अंगणवाडी महिनाभर अर्धाच वेळ. सेविकाताईंनी हे समजून घेतलं.

उपासना जेवणाआधी आणली, दिवेलागणीला. जेवणानंतर मुलं पेंगतात, मोठे थकलेले असतात, तेव्हाच भांडणं होतात. अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली. आजींना हे जड गेलं, आणि त्यांचं दुःख मी समजू शकते. पण गीत दोन म्हणायचं ठरलं, एक त्यांच्या आवडीचं टिळकांचं. टाळ मधल्याच्या हाती दिले. तो ते भलत्याच ठिकाणी वाजवतो, वाजवू दे. प्रार्थनेत तिन्ही मुलांची नावं घ्यायची, बाळाचं शेवटी. मोठीला प्रार्थना करायला सांगायचं नाही, तिला वाटलं तर ती करील.

काळ्या दोऱ्याचा विषय निघाला होताच. शेजारच्या काकूंनी बाळाचं वजन वाढेना म्हणून मायेनं आणून दिला होता. आईच्या मनात चलबिचल होती. पाळकसाहेबांनी काकूंना चार शब्द आदराचे बोलून दोरा घेतला, घरासाठी प्रार्थना केली आणि काकूंनाही तिथं बसवून घेतलं. त्यावरून गावात कुणी दुखावलं नाही.

समर्पणाचा दिवस

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये बाळाचं समर्पण झालं, म्हणजे प्रार्थना करून बाळ देवाच्या हाती सोपवलं. एरवी आईबाप बाळाला घेऊन पुढं जातात आणि बाकीची भावंडं आजीजवळ बसून बघतात. पाळकसाहेबांनी तिघांनाही पुढं बोलावलं. येशूजवळ मुलं आणली तेव्हा शिष्य दटावत होते, तो मार्काच्या शुभवर्तमानातला उतारा वाचला. येशूनं मुलांना कवटाळलं आणि त्यांच्यावर हात ठेवला, हे वाचताना त्यांनी आधी मोठीच्या डोक्यावर हात ठेवला, मग मधल्याच्या, मग बाळाच्या. मंडळीतल्या पुष्कळ बायांनी नंतर येऊन सांगितलं की आमच्याही पोरांना असं बोलवायला हवं होतं. आता आमच्या मंडळीत तशीच रीत पडली आहे.

जे जमलं नाही

डिसेंबर-जानेवारीत कापूस फुटून शेतं पांढरी झाली आणि आई वेचणीला जाऊ शकत नव्हती. मजूर लावावे लागले, पैशाची ओढ झाली. वडिलांची चिडचिड वाढली आणि एकदा पुन्हा हात उठला. त्यांनी स्वतः पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं. मधल्याचं अंथरूण ओलं होणं थंडीत पुन्हा सुरू झालं, होळीपर्यंत टिकलं. आई काही दिवस उगाच रडायची. बाळंतपणानंतर असं दोन आठवड्यांपलीकडं चाललं तर अंगावर काढू नये, हे मी तिला आणि आजींना सांगितलं, आरोग्य केंद्रात नेलं, टेली मानसचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून दिला. लोहाच्या गोळ्या ती मधेच सोडत होती, त्या पुन्हा सुरू केल्या. फेब्रुवारीत ती सावरली.

सर्वांत अवघड गेलं ते मोठीला खेळायला लावणं. शाळा सुरू झाली तरी घरी आली की ती झाडू हातात घ्यायची. नको म्हटलं की तिला रागावल्यासारखं वाटायचं. कौतुक ज्या गोष्टीचं झालं होतं तीच काढून घेतली तर तिच्याकडं उरणार काय? म्हणून काम बंद केलं नाही, एकच काम ठेवलं, कोंबड्यांना दाणे टाकायचं. ते झालं की बाहेर. आईनं तिचं कौतुक वेगळ्या गोष्टींसाठी करायचं ठरवलं : चित्रासाठी, उड्यांसाठी, पाढ्यासाठी. याला वेळ लागतो आहे. मार्चमध्ये तिनं एकदा मधल्याशी लाकडी बैलावरून कडाडून भांडण केलं आणि आजी तक्रार घेऊन माझ्याकडं आल्या. मला फार आनंद झाला, आणि मी तो लपवला नाही.

सध्या

बाळ आता नऊ महिन्यांचं होईल, गोवर-रुबेलाची लस जुलैत आहे. वजन तक्त्यावर हिरव्या पट्ट्यात. मधला अंगणवाडीत पूर्ण वेळ बसतो, बाळाजवळ कधी कधी अजून जोरात ओरडतो. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मोठी दुसरीत गेली. पेरणी झाली आहे आणि निंदणाला आईचे हात लागणार. गेल्या आठवड्यात याच विषयावर त्यांच्या ओसरीवर बसणं झालं. आजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पावसाळ्यानंतर, तोवर बाळ एकट्या आजींवर सोडता येत नाही. सोपा मार्ग सगळ्यांच्या मनात होता, तो कुणी बोलून दाखवला नाही. आई सकाळी साडेअकरापर्यंतच शेतात जाईल, त्या वेळात वडील घरी राहतील आणि दुपारनंतर ते जातील, असं ठरलं आहे. निंदणाचे काही दिवस मजुरी द्यावी लागेल, त्यासाठी बचत गटातून रक्कम उचलायची आहे. मोठीच्या शाळेच्या वेळेला हात लावायचा नाही हे वडिलांनी स्वतः बाईंना शाळेत जाऊन सांगितलं.